चौदावी ओळ

दीपमालाचं पत्र येऊन बारा दिवस झाले होते आणि गहिनीनाथनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. राहून गेलं, असं तो स्वतःशी म्हणायचा. पण राहून जायला त्याच्या दिवसात दुसरं होतं काय? सकाळी दहाला वाचनालयाचं कुलूप काढायचं, वर्तमानपत्रं काठ्यांना लावायची, दुपारी घरी जाऊन भाकरी खायची, चारला परत यायचं. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, तरी किल्ली त्याच्याकडंच होती, कारण ती मागायला कोणी आलंच नव्हतं. पत्र त्यानं एका जाड शब्दकोशात ठेवलं होतं. तो कोश केजमध्ये दुसरं कोणी उघडणार नाही याची त्याला खात्री होती. रोज एकदा तो स्वतः उघडायचा, पत्र तिथंच आहे हे पाहायचा आणि मिटायचा. पाहण्याचं काम झालं की उत्तर देण्याचं निम्मं काम झाल्यासारखं वाटायचं. उरलेलं निम्मं उद्यावर जायचं.

आज सकाळी बसस्थानकासमोर छबुबाईनं त्याला गाठलं. छबुबाई म्हणजे दीपमालाची आई; मागच्या गल्लीत तिची पिठाची गिरणी. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या सगळं पांढरं. गिरणीच्या आवाजानं तिचे कान मंद झाले होते, त्यामुळं ती रस्त्यातही गिरणीत बोलल्यासारखी बोलायची.

"ओ सर! पोरीनं तुमाला पत्र टाकलंय म्हनं. मिळालं का न्हाई?"

"नाही," तो म्हणाला. "अजून तरी नाही."

"कावून मिळालं नसंल? बारा-तेरा दिस झाले की."

"पोस्टाचं काही खरं नाही हल्ली."

"मंग तिला फोन करायला सांगू का तुमाला?"

"नको, नको. येईल. येईल ते."

"बगा बाई. लई वाट बगायलीय ती." असं म्हणून ती गेली. पलीकडं जीपवाला अंबाजोगाई, अंबाजोगाई, एक शीट, एक शीट असं ओरडत होता, त्याचं ते एक ओरडणं संपायच्या आत गहिनीनाथ वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी चक्क खोटं बोलून मोकळा झाला होता. तो वाचनालयाचा जिना चढू लागला. गुडघे रोजच्यासारखे दुखत होते. आयुष्यात आपण गप्प पुष्कळ राहिलो, पण खोटं कधी बोललो नाही, अशी एक समजूत त्यानं जपून ठेवली होती, चांगला सदरा पेटीत ठेवावा तशी. वरच्या पायरीवर थांबून त्यानं ती आज उलगडून पाहिली. ती आत्ता फाटली नव्हती. ती महिन्यापूर्वीच्या रविवारी फाटली होती, याच जिन्याच्या वर, तीस-एकतीस माणसांच्या देखत, आणि त्यातल्या एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

दीपमाला पुण्याला अ‍ॅनिमेशनच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. चार मिनिटांचा चित्रपट तिनं स्वतः काढला होता, एकेक चित्र हातानं. तो कॉलेजबाहेरच्या माणसांना दाखवायचा, निदान तीस जणांचे अभिप्राय घ्यायचे, त्या अभिप्रायांवर चिंतन म्हणून चार पानं लिहायची, आणि मग चित्रपटात योग्य ते बदल करून तो अंतिम म्हणून सादर करायचा, असा त्यांचा नियम. चिंतन! केजच्या लोकांच्या अभिप्रायावर चिंतन! पुण्यातल्या माणसांना गावाकडच्या माणसांबद्दल काय काय वाटत असतं याचं गहिनीनाथला तेव्हाच हसू आलं होतं, अर्थात मनातल्या मनात. त्याचं सगळं हसणं तिथंच व्हायचं. आणि मनात हसत हसतच त्यानं तिच्यासाठी एक नवी वही घेऊन रकाने आखून दिले होते: अनुक्रम, वेळ, नाव, अभिप्राय, सही. वेळेचा रकाना कशाला, असं दीपमालानं विचारलं होतं. वाचनालयाच्या प्रत्येक नोंदवहीत वेळेचा रकाना असतो, असं तो म्हणाला होता. का असतो ते त्यालाही माहीत नव्हतं.

प्रमुख पाहुणे विजयसिंहराव. ते वाचनालयाचे अध्यक्ष. बावीस वर्षांत त्यांनी एक पुस्तक नेलं होतं आणि तेही परत आलं नव्हतं. कार्यक्रम अकराचा. ते साडेदहालाच आले, कारण त्यांना गेवराईला साखरपुड्याला जायचं होतं. प्रोजेक्टरची वायर तोवर आलेली नव्हती; ती आणायला दीपमालाच गेली होती. हार झाला, नारळ झाला, फोटो झाला, आणि कोणीतरी म्हणालं की साहेबांचा अभिप्राय तरी घेऊन ठेवा. पहिली ओळ पाहुण्यांची असते. ती दुसऱ्या कोणी लिहिली तर पाहुण्यांचा अपमान होतो आणि रिकामी ठेवली तर वहीचा. मग वही त्यांच्यापुढं कोणी धरली? गहिनीनाथनं. पेन कोणी उघडून दिलं? गहिनीनाथनं. साहेब, चित्रपट अजून दाखवायचा आहे, एवढं वाक्य त्यानं मनात जुळवलं आणि पेनाचं टोपण खिशात ठेवलं. विजयसिंहरावांनी मांडीवर वही घेऊन लफ्फेदार अक्षरात लिहिलं, 'चित्रपट पाहून मन भारावून गेले. ग्रामीण भागातील कन्येची ही झेप कौतुकास्पद आहे. तथापि वेग थोडा वाढवावा व समाजाला मिळणारा संदेश अधिक ठळक करावा.' अशा प्रत्येक वहीत एक 'तथापि' असलाच पाहिजे असं त्यांचं मत होतं. मागच्या वर्षी रांगोळीच्या प्रदर्शनातही त्यांनी वेग वाढवावा असंच लिहिलं होतं. मग ते गाडीत बसून गेले, आणि अर्ध्या तासानं वायर आली.

चित्रपट संपल्यावर वही फिरू लागली तेव्हा गहिनीनाथ खिडकीशी उभा राहून पाहत होता. त्याला हे पाहायला आवडायचं. माणसं लिहायला बसली की त्यांची लायकी कळते, असं त्याचं जुनं मत. जालिंदर, त्याच्याच वर्गातला, शाळेतून निवृत्त झालेला मुख्याध्यापक, खुर्चीत मागं रेलून शेजारच्याला म्हणाला, "वर काय लिवलंय ते वाच बे." शेजारच्यानं वाचलं. "मग तेच की. अध्यक्षांनी लिवल्यावर आपण काय वेगळं लिवणार? वरीलप्रमाणे लिही. सही मी करतो." आणि जणू गावाला रस्ताच सापडला. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. एकानं तर नुसती दोन टिंबं दिली. छत्तीस वर्षं मुलांना निबंध शिकवलेला जालिंदर! ज्यांनी स्वतःचं काही लिहिलं त्यांनी तर कहर केला होता. 'गिरणीऐवजी शेती दाखवली असती तर बरे झाले असते.' 'एखादे गाणे टाकावे.' 'बाईचा रंग थोडा उजळ करावा.' त्या प्रत्येक ओळीचा गहिनीनाथनं मनात असा काही समाचार घेतला की, तो कोणी ऐकला असता तर केजमध्ये त्याला चहा मिळणं बंद झालं असतं. पण कोणी ऐकला नाही. तिरस्कार ही त्याची एकमेव चैन होती आणि ती त्याला फुकट पडायची.

मग वही त्याच्यापुढं आली. चौदावी ओळ.

शब्दकोश समोर होता. त्यानं पत्र काढलं. आज मात्र ते आहे का एवढंच पाहून मिटता येईना. अक्षरं वर आली. 'सर, तुम्ही समोर बोलत नाही म्हणून पत्र लिहिते. तीस अभिप्राय मिळाले. त्यातल्या चोवीस जणांचं म्हणणं एकच आहे, वेग वाढवा आणि संदेश ठळक करा. आमचे मार्गदर्शक म्हणतात, चोवीस माणसं चुकत नसतात. लाईट जाऊन गिरणी थांबते त्यानंतरचे चाळीस सेकंद सहावर आणायचे आणि शेवटी एक पाटी टाकायची, असं ठरत आलंय. बावीस तारखेला अंतिम चित्रपट द्यायचाय. तुम्हीपण चौदाव्या ओळीत वरीलप्रमाणे लिहिलंय. पण चित्रपट चालू होता तेव्हा मी पडद्याकडं बघत नव्हते, लोकांकडं बघत होते. त्या चाळीस सेकंदांत तुम्ही चष्मा काढला होता. म्हणून विचारते. चौदावी ओळ खरी का चष्मा? तुम्ही ओळ खरी म्हणालात तर मी सहा सेकंद करीन आणि परत विचारणार नाही.' आणि खाली, सहीनंतर, 'तुम्ही पुस्तकांबद्दलपण असंच म्हणायचात.'

असंच म्हणजे काय, ते त्याला पहिल्याच वाचनात समजलं होतं, आणि बहुतेक त्यामुळंच पत्र कोशात गेलं होतं. ती पाचवीत होती. परकराला पीठ लागलेलं, हातात वाचून झालेलं पुस्तक. "सर, चांगलं पुस्तक द्या." तो नेहमीसारखा म्हणाला, "सगळीच चांगली आहेत. घे कोणतंही." ती गेली नाही. टेबलाच्या कडेवर हनुवटी ठेवून म्हणाली, "सगळीच चांगली कशी असतील?" त्यानं वर पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही त्यानं एकालाही एक पुस्तक सुचवलं नव्हतं. सुचवायचं आणि त्या माणसाला ते आवडलं नाही तर? तर मग चूक कोणाची, त्याची की आपली? रात्री घरी तो ज्या पानांवरून उठू शकत नसे, सकाळी तीच पानं इतरांना द्यायची त्याला छाती होत नसे. बायको, केशरबाई, हयात होती तेव्हा ती ताटावर बसल्या बसल्या विचारायची, भाजी कशी झालीय. "रोजच्यासारखी." त्यात त्याच्या मते तक्रार नव्हती, उलट होतं. काही वर्षांनी तिनं विचारणं सोडलं. ती गेली त्याच्या आधीच्या आठवड्यात तिनं शेपूची भाजी केली होती, आणि ती खाताना त्याला वाटलं होतं की हिला सांगावं. काय सांगावं तेही ठरलं होतं. तो पाणी प्यायला, हात धुतला आणि वर्तमानपत्र घेऊन बसला. आता शेपूची जुडी मंडईत दिसली की तो दुसऱ्या बाजूनं जायचा.

आणि ते चाळीस सेकंद. पडद्यावर गिरणी चालू होती, पट्टा फिरत होता, एक बाई डब्यातलं धान्य वर ओतत होती. आवाज एवढा की खोलीतल्या खुर्च्यांचे पत्रे थरथरत होते. मग लाईट गेली. पट्टा हळू झाला, फडफडला, थांबला. आवाज बंद. हवेत उडालेलं पीठ होतं तिथंच राहिलं आणि मग खाली यायला लागलं. बाकी काहीच नाही. पीठ तिच्या हातावर येत होतं, डब्याच्या कडेवर, वजनकाट्याच्या पारड्यात, इतकं सावकाश की खाली येतंय की वर चाललंय तेही कळेना. बाई मान वाकडी करून काहीतरी ऐकत होती. इतक्या वर्षांनी तिला काहीतरी ऐकू येत होतं, आणि ते काय ते दीपमालानं सांगितलं नव्हतं. "अडकलं बे!" जालिंदर ओरडला होता. "लाईट गेली का बघा रे!" आणि खरोखरच दोन माणसं उठून बटण पाहायला गेली होती. त्या हसण्याखिदळण्यात गहिनीनाथ पडद्याकडं पाहत होता, त्याला अंधुक दिसायला लागलं होतं, आणि त्यानं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या होत्या. का पुसल्या? डोळ्यांना पाणी नव्हतं. रडणारा माणूस तो नव्हता. केशरबाईच्या वेळीही लोक त्याच्या तोंडाकडं पाहून कंटाळले होते. त्यानं काचा पुसल्या, कारण काचांवर पीठ बसलंय असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. पुसून झाल्यावर बोटाला पीठ लागलं नाही म्हणून त्याला क्षणभर चुकल्यासारखंसुद्धा झालं होतं.

हे एवढं घडलेलं असताना वही समोर आली, तर त्यानं काय केलं? पेन टेकवलं. 'पीठ' एवढा शब्द मनात होता. तेवढ्यात जालिंदर खांद्यावरून वाकला. "काय रे गहिन्या, निबंध लिवायलास का? उरक की, पोहे गार व्हायलेत." वर तेरा जण होते. त्यातल्या एकाच्याही अकलेबद्दल त्याला आदर नव्हता. त्यातल्या पहिल्यानं तर चित्रपट पाहिलाच नव्हता, हे त्या खोलीत त्याच्याइतकं चांगलं कोणाला माहीत होतं? आणि तरी त्या तेरा जणांकडं पाहून त्याला वाटलं की, आपलंच चुकत असेल. डोळे म्हातारे झालेत. चाळीस सेकंद नुसतंच पीठ पडत होतं, त्यात काय? ज्यांना तो मनातून माणसांत धरत नव्हता त्यांच्यावर त्याचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा होता. त्यानं 'वरीलप्रमाणे' लिहिलं. अक्षर मात्र सर्वांत सुंदर. मग पोहे खाल्ले. शेंगदाणे जळले होते, आणि त्याबद्दल त्यानं पोहे करणाऱ्याचा मनातल्या मनात यथेच्छ उद्धार केला होता.

तो उठला. कपाट उघडून त्यानं ती वही काढली. दीपमालानं पानांचे फोटो काढून नेले होते. वही वाचनालयाची म्हणून तिथंच राहिली होती. त्या दिवसानंतर ती त्यानं उघडली नव्हती. आता टेबलावर ठेवून त्यानं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. अनुक्रम एक. वेळ, दहा चाळीस. विजयसिंहरावांनी रकाना आहे म्हणून वेळ भरली होती, सवयीनं, हातातल्या घड्याळाकडं पाहून. खालची दुसरी ओळ, अकरा सदतीस. कार्यक्रमपत्रिका अजून फळ्याला टाचलेली होती आणि तिच्यावर त्याच्याच हातानं दुरुस्त केलेली वेळ होती: चित्रपट, अकरा वीस. म्हणजे सगळं कागदावर होतं. महिनाभर होतं. पुण्यात त्या मार्गदर्शकानं चोवीस मोजले, दीपमालानं चोवीस मोजले, आणि वेळेच्या रकान्याकडं कोणी पाहिलं नाही, कारण तो रकाना कोणी पाहत नसतं. आखणाराही नाही. चोवीस माणसं नव्हतीच ती. एकच माणूस होता आणि तोही चित्रपटाच्या वेळी गेवराईच्या रस्त्याला होता.

आता हसू यायला हवं होतं. आलं नाही. बोट आपोआप खाली खाली गेलं, जळक्या शेंगदाण्यांसारखी एकेक ओळ, आणि सव्विसाव्या ओळीवर थांबलं. त्या दिवशी तिचं वाकडंतिकडं अक्षर पाहून त्यानं ती वाचलीच नव्हती. राजनंदिनी, कापडाच्या दुकानात कामाला असणारी पोरगी. 'गिरणी बंद झाल्यावर माज्या कानात शिट्टी वाजली. आमच्या घराजवळ बोरचं मशीन बंद होतं तेव्हा वाजती तशी.' बस, एवढंच. वरच्या पंचवीस सह्या पार करून, साहेबांचं लफ्फेदार अक्षर, मुख्याध्यापकाची सही, ग्रंथपालाचं सुंदर वळण, सगळं ओलांडून त्या मुलीनं आपल्या कानात काय वाजलं ते लिहिलं होतं आणि पोहे खाऊन घरी गेली होती. गहिनीनाथनं बोट मागं, वर नेलं. मग लाल पेन घेऊन चौदाव्या ओळीतला शब्द एका रेघेनं खोडला, खाडाखोड केल्यावर करतात तशी बाजूला सही केली आणि वेळ घातली.

पत्र लिहायला मात्र दोन तास गेले. पहिला कागद विजयसिंहरावांवरच संपला. दुसऱ्यात जालिंदर आला, शिक्षणाची दुर्दशा आली, केजची, जिल्ह्याची, अभिरुचीची. वाक्यं छान जमत होती, आणि जमत होती म्हणूनच त्याला संशय आला. हे सगळं तिनं विचारलं नव्हतं. त्यानं दोन्ही कागद फाडले. तिसऱ्यावर सहा-सात ओळी झाल्या. वाचून पाहावं असं वाटलं, पण वाचलं तर हाही फाडू, हे त्याला माहीत होतं. त्यानं पाकीट चिकटवलं.

आज अठरा तारीख. साधं पत्र वेळेत पोचणं कठीण. पोस्टात खिडकीवर तानाजी होता. नोकरी लागण्याआधीचा त्याचा स्पर्धा परीक्षेचा सगळा अभ्यास वाचनालयातच झाला होता. "स्पीड पोस्ट? तुमी? काय, लगीनबिगीन ठरलं का सर?" पाकीट उलटंपालटं करून तो म्हणाला, "घेणाऱ्याचा मोबाईल नंबर टाका. त्याबिगर न्हाई घेत आता."

"नंबर नाही माझ्याकडं."

"मंग आणा कोनाकडून तरी. तीनला बुकिंग बंद होतंय बगा."

पावणेतीन झाले होते. नंबर केजमध्ये एकाच ठिकाणी मिळणार होता. गहिनीनाथ पाकीट छातीशी धरून मागच्या गल्लीत वळला तेव्हा गिरणीचा आवाज आधी पायांना लागला. दारात डबे घेऊन पाच-सहा बाया बसलेल्या. छबुबाई पट्ट्यापलीकडं. तो जवळ जाऊन, जमेल तेवढ्या आवाजात म्हणाला, "दीपमालाचा नंबर हवा होता."

"काय?"

"दीपमालाचा नंबर!"

"कशाला?"

"तिला उत्तर पाठवायचंय."

"ऐकू येईना वो! मोठ्यानं बोला की!"

आयुष्यात कधीही, कोणाशीही, तो एवढ्या मोठ्यानं बोलला नव्हता. "तिचं पत्र मला मिळालं होतं!" तो ओरडला. "तेव्हाच मिळालं होतं! सकाळी मी खोटं बोललो तुमच्याशी! मीच उत्तर दिलं नाही!" आणि एवढं ओरडल्यावर उरलेलंही आवरेना. "चित्रपट चांगला आहे तिचा! लई चांगला आहे!"

बायांनी डब्यांवरून माना वळवल्या. छबुबाई पदरानं तोंड पुसत हसली. "मंग त्यात वरडायचं काय हाय?" ती ओरडली. तिनं पाठकोऱ्या कागदावर नंबर लिहून दिला. कागदाला पीठ लागलेलं होतं. "आन् मला बी दावा की एकदा त्यो पिच्चर! रविवारची गिरणी सोडून मी कुटं आलते!"

पोस्टापर्यंत तो जवळजवळ पळालाच. तानाजीनं नंबर टाकला, शिक्का मारला, पावती सरकवली. "पाकिटाला पांढरं काय लागलंय हे?" म्हणत त्यानं ते झटकलं, आणि गहिनीनाथ म्हणाला, "राहू दे." पाकीट मागच्या पोत्यात पडलं. आत लिहिलं होतं:

'चि. दीपमाला, पहिल्या ओळीतली वेळ पाहा आणि कार्यक्रमपत्रिका आठव, म्हणजे चोवीस जणांचा हिशेब तुझा तुला लागेल. सव्विसावी ओळ पुन्हा वाच. चौदावी ओळ मी आज खोडली. ती खोटी होती आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. मी चष्मा काढला, कारण काचांवर पीठ बसलं होतं. एक सेकंदही कमी करू नकोस. उत्तराला उशीर झाला. तू पाचवीत असताना विचारलं होतंस त्याचंही उत्तर देतो: सगळी चांगली नसतात. गहिनीनाथ.'